मोजून दाखवा: सातारा रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकचं प्रकरण

"मोजून दाखवा, मग बोलू."

पुण्यात पद्मावतीच्या अलीकडे सातारा रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान असलेले शेठजी मोहल्ला कमिटीच्या बैठकीत एवढंच म्हणाले आणि माझ्या पुढच्या तीन आठवड्यांच्या सकाळी त्यात गेल्या.

मागणी साधी होती. दुकानांच्या रांगेसमोर सायकल ट्रॅकचा जेमतेम ३०० मीटरचा तुकडा आहे, तो काढावा आणि तिथे दुचाकी लावायला पट्टे मारून द्यावेत. अर्जात कारण एका ओळीत दिलं होतं: 'सदर ट्रॅकचा सायकलस्वारांकडून वापर होत नाही.' आमच्या सोसायटीतर्फे मी बैठकीला होतो. रस्त्यांची आखणी करणाऱ्या खाजगी कंपनीत मी बरीच वर्षं काढली, हे दोघा-तिघांना माहीत होतं. "काका, तुम्ही त्यातलेच ना?" असं म्हणत काम माझ्याच गळ्यात बांधलं गेलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी सायकलप्रेमी वगैरे नाही. पहाटे हेल्मेट घालून कात्रजचा घाट चढून येणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, पण मी त्यांच्यातला नव्हे. मी भाजी आणायलासुद्धा स्कूटर काढतो. अर्ज पहिल्यांदा वाचला तेव्हा तर मला तो पटलाच होता. त्या ट्रॅकवरून सायकल जाताना मीही क्वचितच पाहिली होती.

ट्रॅक आला कुठून

स्वारगेट ते कात्रज हे अंतर साधारण साडेपाच किलोमीटर. डिसेंबर २००६ मध्ये इथे बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची, प्रायोगिक सुरुवात झाली. पैसा आला तो आदल्याच वर्षी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून. त्यात पुण्याच्या आकाराच्या शहरांना निम्मा खर्च केंद्राकडून, २० टक्के राज्याकडून आणि उरलेले ३० टक्के पालिकेचे, असा हिशेब होता. त्याच २००६ साली केंद्राचं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आलं. वाहनांपेक्षा माणसं हलवण्याचा विचार करा, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना वेगळी जागा द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तेव्हा नकाशावर बसची मार्गिका आली आणि तिच्यासोबत कडेला ट्रॅकची रेघही आली. पुढे या रस्त्याची पुनर्रचना झाली, ट्रॅकही नव्याने झाला. डिसेंबर २०१७ मध्ये तर महापालिकेच्या मुख्य सभेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यातलं जाळं ८०० किलोमीटरच्या वरचं होतं.

बैठकीत एका आजोबांनी सायकलच्या बिल्ल्याची, म्हणजे पूर्वी सायकलचा कर भरल्यावर मिळायच्या त्या पत्र्याच्या खुणेची, आठवण काढलीच. ती निघतेच. बिल्ला नसला की दंड, रात्री दिवा नसला की दंड, डबलसीट दिसलं की पोलीस उतरवणार, खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की सायकलींची रांग संपता संपत नसे. "पुणं म्हणजे सायकलींचं शहर!" सगळ्यांनी माना हलवल्या. मला या आठवणींचा थोडा कंटाळा आहे. ती माणसं सायकलवर होती, कारण त्यांना दुसरं काही परवडत नव्हतं. १९७२ च्या सुमाराला लुना आणि चेतक आल्या, दोन्ही आपल्याच भागातल्या, आणि ज्याला जमलं तो सायकलवरून उतरला. २०१८ साली शहरातल्या नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला, म्हणजे माणसांपेक्षा वाहनं जास्त अशी तेव्हा बातमी झाली होती. त्यातल्या २७ लाखांच्या आसपास दुचाकी होत्या. तेव्हा 'पूर्वी होत्या, म्हणून पुन्हा येतील' या बोलण्यात अर्थ नाही. शेठजींचा प्रश्न त्यापेक्षा रोखठोक होता.

मोजणी

पहिल्या दिवशी मी सकाळी साडेदहाला दुकानासमोरच्या झाडाखाली उभा राहिलो. तासाभरात वहीत नोंदवण्यासारखं फारसं काही मिळालं नाही. अर्ज खरा ठरत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो आणि पंधरा मिनिटांत माझी चूक कळली. मी मोजत होतो ट्रॅकवरच्या सायकली. सायकली जात होत्या रस्त्याच्या कडेने, पांढऱ्या पट्ट्याला धरून, ट्रॅकच्या बरोब्बर शेजारून. मार्केट यार्डाकडे निघालेले हमाल, पेपरवाली पोरं, रात्रपाळी संपवून धनकवडीला परतणारे वॉचमन, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेला दूधवाला. मग मी वहीत दोन रकाने केले, 'ट्रॅक' आणि 'रस्ता'. रस्त्याचा रकाना दर वेळी आधी भरायचा. नेमके आकडे इथे मुद्दाम देत नाही. एका माणसाने एका कोपऱ्यावर काही सकाळी मारलेल्या रेघा म्हणजे सर्वेक्षण नव्हे. पण दोन रकान्यांतला फरक डोळ्यांत भरण्याइतका होता.

शेठजी खोटं बोलत नव्हते. त्यांचं दुकान उघडतं साडेदहाला, दुपारी ते जेवायला आणि पडायला घरी जातात, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांतून मान वर काढायला फुरसत नसते. त्यांच्या नजरेला ट्रॅक रिकामाच दिसणार.

आणि सायकलींचा ट्रॅक भरलेला असतानाही रिकामाच दिसतो, ही वेगळी भानगड. बैठकीत मी हे आकडेमोड करून सांगितलं. समजा एका तासात ५०० सायकली गेल्या. हा आकडा कुठल्याही ट्रॅकला उत्तम म्हणायचा. म्हणजे साधारण दर सात सेकंदांना एक. सायकल ताशी १२ किलोमीटरने चालली, तर तेवढ्या वेळात ती सुमारे २४ मीटर पुढे जाते. याचा अर्थ दोन सायकलींच्या मध्ये २४ मीटर मोकळी जागा, दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी. तासाला १०० सायकली असतील तर मधलं अंतर १२० मीटर. गल्ल्यावरून मान वर करणाऱ्याला जागा दिसते, सायकल दिसत नाही. शेजारच्या मार्गिकेत मात्र सिग्नलला अडकलेल्या मोटारी एकीला एक चिकटून उभ्या असतात, प्रत्येकीत एखादा माणूस, आणि तो रस्ता 'भरलेला' दिसतो.

ढकलायची सायकल

तरी प्रश्न उरलाच. ट्रॅक शेजारी असताना ही माणसं रस्त्याने का जातात? बस आणि टँकरच्या चाकाजवळून जाण्याची हौस कुणाला असेल?

एका वॉचमनदादांना विचारलं. जुनी काळी सायकल, कॅरिअरला डब्याची पिशवी, पुढच्या चाकाच्या मडगार्डला दोरी. ते थांबले नाहीत. मीच शेजारून चालत राहिलो, चढ असल्याने ते जमलं. स्वारगेटकडे जाताना हा रस्ता उताराचा, पण कात्रजकडे परतताना सगळा चढ. रात्रभर जागलेल्या माणसाला तो चढ पायांत कळतो.

"ट्रॅकवर गेलो की दर पन्नास पावलांना उतरावं लागतं साहेब. सायकल चालवायला घेतलीय का ढकलायला?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाची सायकल मागून घेतली आणि बालाजीनगरपासून पद्मावतीपर्यंत मी स्वतः ट्रॅकवरून आलो. निघाल्या निघाल्या पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा खचलेला, हँडल हातात थरथरलं. मग ट्रॅकच्या मधोमध चेंबर, झाकण ब्लॉकपेक्षा चार बोटं वर. पुढे गल्लीचं तोंड आलं. तिथे ट्रॅक खाली उतरतो, पण उतार गुळगुळीत नाही, शेवटी दोन-तीन इंचांची कड राहिली आहे. पलीकडे चढायला पुन्हा तशीच कड. सायकलवरून उतरलो. मग एक डीपी बॉक्स. मग चहाची टपरी आणि तिची बाकडी. चहावाल्याने "या काका" म्हणून जागा करून दिली, म्हणजे उतरावंच लागलं. मग उभ्या केलेल्या दुचाकी, सलग. मग बसस्टॉपमागचा बोळ, तिथे माणसं उभी. पुन्हा गल्लीचं तोंड. चौथ्यांदा उतरल्यावर मी मुकाट्याने रस्त्यावर आलो आणि पांढऱ्या पट्ट्याला धरून घरी गेलो. वहीत स्वतःची रेघ 'रस्ता' या रकान्यात मारली.

पुण्याच्या बऱ्याच ट्रॅकचं हेच दुखणं आहे. ते मोटारींच्या जागेतून निघालेले नाहीत, फुटपाथच्या जागेतून निघाले आहेत. त्यामुळे फुटपाथचे सगळे भाडेकरू त्यांच्याकडे आले. आणि ज्या चालणाऱ्याची जागा गेली, तोही चालायला ट्रॅकवरच येतो. त्याला दोष कसा द्यायचा?

पैशाचा हिशेब

'किती सायकलवाले असले म्हणजे ट्रॅक परवडला?' हा प्रश्न टाळणारे सायकलवाले मला आवडत नाहीत. म्हणून कागदावर एक ढोबळ गणित मांडलं. यातले आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्या निविदेतले नाहीत. समजा एका बाजूच्या एक किलोमीटर ट्रॅकला ५० लाख लागले आणि तो १० वर्षं टिकला. वर्षाला पाच लाख, देखभालीचा एक लाख धरून सहा. मुसळधार पावसाचे आणि सणासुदीचे दिवस सोडून ३०० दिवस वापर. म्हणजे दर किलोमीटरला रोजचे २,००० रुपये. रोज १०० सायकली गेल्या तर प्रत्येक सायकलमागे किलोमीटरला २० रुपये पडतात, ५०० गेल्या तर चार, १,००० गेल्या तर दोन.

पेट्रोल शंभरीच्या वर आहे. स्कूटर किलोमीटरला दोन रुपयांचं पेट्रोल पिते. नुसतं पेट्रोल वाचलं एवढंच जमेला धरलं, तर रोजच्या हजार सायकली हव्यात आणि त्याही स्कूटर सोडून आलेल्यांच्या. वॉचमनदादा आधीपासूनच सायकलवर आहेत, त्यांचं काहीच पेट्रोल वाचत नाही. त्यांचा वाचतो तो जीव. तो रुपयांत कसा धरायचा हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणी पटेल असं शिकवलं नाही.

मग शेठजींच्या बाजूचंही गणित केलं. ३०० मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टा. दुचाकी आडव्या लावल्या तर मीटरला एक धरून ३०० गाड्या. दिवसभरात एका जागेवर चार गाड्या आल्या-गेल्या तर १,२०० माणसं. म्हणजे निव्वळ डोकी मोजायची ठरवली तर या तुकड्यावर पार्किंग जिंकतं. हे मी बैठकीत लपवलं नाही. आमच्या बाजूच्या एका मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी फितूर झालो असं वाटावं.

पण ते गणित ३०० मीटरचं आहे. साडेपाच किलोमीटरच्या पाइपलाइनमधले ३०० मीटर काढून घेतले आणि 'या तुकड्यातून पाणी कितीसं जात होतं' असं विचारलं, तर उरलेल्या पाच किलोमीटरच्या पाइपाचं काय करायचं? ट्रॅकची किंमत तुकड्यात मोजता येत नाही, आणि आपण तो बांधतो मात्र तुकड्यातच. शिवाय त्या गाड्या आजही ट्रॅकवरच उभ्या आहेत. पट्टे मारून द्या म्हणजे काय, तर जे चाललं आहे त्यावर शिक्का मारा.

खर्चाच्या काटेकोरपणाबद्दलही बोललं पाहिजे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक वापरून २०२० मध्ये पाडले. 'त्यावरून गेलेल्या प्रत्येक मोटारीमागे किती रुपये पडले' हा हिशेब कुणी चहाच्या टपरीवरही मांडला नाही. सायकलला मात्र पहिल्या दिवसापासून हजेरीपट लागतो. लागू दे, माझी तक्रार नाही, फक्त मस्टर सगळ्यांसाठी एकच असावं.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराची गोष्ट मी थोडक्यात सांगितली. आपली बीआरटी सुरू झाली त्याच सुमाराला, २००६-०७ मध्ये, त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचं जाळं दीडेक वर्षात एकदम उभं केलं. सगळं एकमेकांना जोडलेलं, कडेने संरक्षण असलेलं. त्याआधी तिथे सायकल जवळपास नव्हतीच. उन्हाळा तिथेही कडक. काही वर्षांत रोजच्या सायकलफेऱ्या काही हजारांवरून ७० हजारांच्या आसपास गेल्या. आणि जागा कुठून आणली? मुख्यतः मोटारींच्या पार्किंगच्या हजारो जागा काढून. शेठजी म्हणाले, "तिकडे शिस्त आहे." सगळ्यांचं यावर एकमत झालं. बैठकीत दुसऱ्या कशावर झालं नाही.

उलटा प्रयोग, म्हणजे ट्रॅकआधी सायकली आणण्याचा, आपण करून बसलो आहोत. डिसेंबर २०१७ मध्ये औंधला आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या, मग आणखी दोन-तीन कंपन्या उतरल्या. रस्तोरस्ती पिवळ्या, नारिंगी सायकली. दोनेक वर्षांत बहुतेक गाशा गुंडाळला गेला. मोडतोड झाली, काही नदीतही सापडल्या. त्यावरून 'पुणेकरांना सायकल नकोच' असा निष्कर्ष निघाला. विद्यापीठाच्या आवारात, जिथे झाडी आहे आणि गर्दी कमी आहे, तिथे मुलं-मुली त्या सायकली मजेत फिरवताना मी पाहिली होती. गेटबाहेर गणेशखिंड रस्त्यावर तीच सायकल घ्यायला कोण धजावेल?

बोलार्ड

खरी गाठ वेगळीच आहे. जिथून सायकल जाते तिथून स्कूटरही जाते.

म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायचे आखूड खांब, रोवतात. जवळ रोवले तर दूधवाल्याच्या किटल्या अडकतात, लांब रोवले तर स्कूटर आत. आमच्या तुकड्याच्या एका टोकाला ते इतके जवळ होते की मी हँडल वाकडं करून सायकल काढली. दुसऱ्या टोकाला एक बोलार्ड कुणीतरी मुळासकट काढला होता, तिथून स्कूटरी निवांत ये-जा करत होत्या. दोन मीटरच्या पट्ट्यात आखणीने हा प्रश्न सुटत नाही, एवढं मी धंद्यातला माणूस म्हणून सांगू शकतो. तिथे रोज कुणीतरी पावती फाडावी लागते. पावती फाडणारा माणूस कुठल्याच आराखड्यात नसतो.

शेवटच्या बैठकीत मी जे लिहून दिलं ते असं. आज आहे तसा हा ट्रॅक कुठल्याही हिशेबाने समर्थनीय नाही. पण त्यावरून सायकलवाले नाहीत असं ठरत नाही, ते शेजारून जात आहेत. पद्मावती ते बालाजीनगर एवढाच भाग सलग करावा: कडा घासून सपाट, चेंबरची झाकणं ब्लॉकच्या पातळीत, गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरवता रस्ताच वर उचललेला, टपऱ्यांना मागे सरकून जागा. सहा महिने तसा ठेवावा आणि दोन्ही रकान्यांत मोजावं, पहाटेपासून. तरीही सायकली ट्रॅकवर आल्या नाहीत, तर तो पट्टा चालणाऱ्यांना परत द्यावा. पार्किंगला नाही.

यातलं झालं थोडंसंच. ट्रॅक काढायचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथेच राहिला. दोन चेंबरची झाकणं बसवली गेली. एका गल्लीची कड सिमेंट ओतून सपाट केली. त्या ठिकाणी आता वॉचमनदादा ट्रॅकवर चढतात आणि टपरीपाशी पुन्हा रस्त्यावर उतरतात. टपरी जागची हललेली नाही.

परवा खिळे आणायला शेठजींकडे गेलो होतो. गल्ल्याशेजारी पाठकोऱ्या बिलावर त्यांनी माझ्यासारखेच रकाने आखले होते, फक्त तीन: ट्रॅक, रस्ता आणि स्कूटर. दुकान हल्ली साडेआठलाच उघडतात म्हणे, मुलगा लवकर येतो. पहिल्या रकान्यात अजून फार रेघा नव्हत्या, दुसऱ्यात होत्या. तिसरा भरून कागदाच्या मागच्या बाजूला गेला होता.

मी बाहेर नजर टाकली. माझी स्कूटर ट्रॅकवरच उभी होती.

"तुमची एक धरलीय," शेठजी म्हणाले आणि खिळे तोलायला वळले.